साडेनऊ वाजता दार उघडा

ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतानाची गोष्ट. अंबडच्या बसस्टँडजवळ एका मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात मी झेरॉक्ससाठी थांबलो होतो. काउंटरला टेकून एक मुलगी उभी होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. आत दुकानदार तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होता. सगळं भरून झालं आणि ओटीपीवर गाडी अडली. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, आणि वडील टोळीबरोबर सांगलीकडे उसाच्या फडात.

'पप्पा, मेसेज आला का बघा. सहा आकडे.'

वडिलांच्या हातात एकच फोन. त्यावरच बोलायचं आणि त्यावरच मेसेज वाचायचा. फोन कानाचा काढला की लेकीचा आवाज येत नाही, आणि इकडे ओटीपीची मिनिटं पळताहेत. पहिला ओटीपी वाया गेला. दुसऱ्या वेळी बापाने आकडे वाचले, पण ते आधीच्याच मेसेजचे निघाले. तिसऱ्या वेळी मुकादमाच्या पोराने फोन हातात घेतला, घडाघडा आकडे सांगितले आणि फॉर्म पुढे सरकला. दुकानदाराने एक लांबट वही काढली. नाव, कॉलेज, युजर आयडी, पासवर्ड असे रकाने आखलेले. तिचा पासवर्ड त्याने वहीत उतरवला. तिने काही लिहून घेतलं नाही. 'इथंच असतो ना दर वर्षी,' म्हणाली, आणि पैसे देऊन निघून गेली.

या मुलीला आता सरकारी आकडेवारीत शोधा. २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक होता ४.४ टक्के घरांत. शहरांत हेच आकडे ४२ आणि २३.४ होते. पुढे २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत दूरसंचाराची पाहणी झाली, तिच्यात देशातल्या ८५ टक्क्यांहून जास्त घरांत स्मार्टफोन सापडला. मधल्या सात वर्षांत इतका बदल झाला, तो आनंदाचाच आहे. पण या नव्या आकड्यात ती मुलगी 'आहे' या बाजूला बसते. घरात स्मार्टफोन आहे, इंटरनेट आहे, प्रश्न मिटला. आणि स्वतःच्या शिष्यवृत्तीचा पासवर्ड मात्र तिला ठाऊक नाही.

माझं भांडण या 'प्रश्न मिटला'शी आहे.

मोबाइल म्हणजे संगणक, हा समज आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. मंत्र्यांच्या, कुलगुरूंच्या, संस्थाचालकांच्या आणि खुद्द मुलांच्याही. मोबाइलवर व्याख्यान बघता येतं, निकाल बघता येतो, ग्रुपवर नोटीस वाचता येते. म्हणजे येतं ते घेता येतं. स्वतः काही करून पाठवायची वेळ आली की मूल दुकानाच्या रस्त्याला लागतं. फोटो ५० केबीच्या आत हवा, सही २० केबीच्या आत हवी, जातीचा दाखला पीडीएफमध्ये हवा. एवढ्यासाठी विशीतलं धडधाकट पोरगं एसटीचं तिकीट काढून तालुक्याला येतं आणि फोटो लहान करून द्यायला कुणाला तरी पैसे मोजतं. हे काम शिकायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास तीन वर्षांच्या पदवीत कुठेच सापडत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने तर कामं आणखी वाढवली. २०२४-२५ पासून आपल्या मराठवाडा विद्यापीठाच्या संलग्नित कॉलेजांत ते लागू झालं, त्यात क्षेत्रीय प्रकल्प आले, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं, त्यांचे अहवाल आले. कल्पना चांगली आहे. मुलं गावात जातील, मोसंबीच्या बागायतदाराशी बोलतील, बियाण्याच्या धंद्याची माहिती काढतील. पण अहवाल टाइप कोण करतं? डीटीपीवाला, पानाला ठरलेल्या दराने. कित्येकदा गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी फाइलवर नाव बदलून. मुलाने स्वतः कीबोर्डवर एक परिच्छेद लिहिला, मोडला, परत लिहिला, असं घडतच नाही. लिहून खोडणं हेच तर शिकणं. ते आपण मुलाच्या हातातून काढून दुकानात ठेवलं.

दुकानदारावर माझा राग नाही, हे इथेच सांगून ठेवतो. कुठल्या फॉर्मची लास्ट डेट कधी, कुठली साइट रात्री अकरानंतर बरी चालते, कुणाचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलाय, हे त्याला तोंडपाठ असतं. आठ तालुक्यांच्या जालना जिल्ह्यात विद्यार्थी विभागाचं काम खरं तर तोच करतो. जे काम विद्यापीठाने आणि कॉलेजने फुकट करायचं, ते तो थोड्या पैशांत करतो. लाज कुणाला वाटायला हवी ते आपण ठरवावं.

परीक्षेच्या दारात तर हे फार महागात पडतं. २०२३ ची तलाठी भरती आठवा. साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांवर अर्ज, आणि परीक्षा संगणकावर. दोन-दोन वर्षं अभ्यासिकेत बसून इतिहास, भूगोल, बुद्धिमत्ता घोटलेली पोरं केंद्रावर गेली. त्यांतल्या एकाने मला सांगितलं की माउस त्याने त्या दिवशी पहिल्यांदा धरला. पहिली काही मिनिटं बाण पडद्यावर नेमका कुठे जातोय तेच कळेना. बोट टेकवायची सवय, म्हणून पडद्याला हात लावून बघितला. शेजारचा मुलगा चौथ्या प्रश्नावर आणि हा अजून पहिल्यावर. त्याला मार्क किती पडले ते मी विचारलं नाही. तो पदवीधर होता. आपल्या विद्यापीठाचा पदवीधर, आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजचा. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला ३० मराठी शब्दांचा वेग लागतो, तोही पदवीनंतर वेगळा क्लास लावूनच मिळवायचा.

सरकारने काही केलंच नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. विद्यापीठांना एक जीबीपीएसची जोडणी आणि कॉलेजांना बीएसएनएलची ब्रॉडबँड, बराचसा खर्च केंद्राचा. ५ ऑक्टोबर २०११ ला 'आकाश' टॅब्लेट आला, जगातला सगळ्यात स्वस्त म्हणून त्याचा केवढा गाजावाजा झाला, आणि काही वर्षांत त्याचं नावही कुणी घेईना. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना मंजूर झाली, तीच आजची भारतनेट. २०१७ मध्ये 'स्वयम' आलं, घरबसल्या आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम. आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या घरात शोधपत्रिका.

शेवटच्या या योजनेवर दोन शब्द जास्त बोलतो, कारण ती मला मनापासून आवडली आणि तिथेच पोटात गोळाही आला. मंजुरीच्या वेळी तिच्यात धरल्या त्या केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. आता जालना जिल्ह्यात फिरा. जालना, अंबड, भोकरदन, मंठा, घनसावंगी, जाफराबाद, बदनापूर, परतूर. बहुतेक कॉलेजं शिक्षण संस्थांनी काढलेली, शिक्षण संस्थांनीच चालवलेली. मराठवाड्यात उच्चशिक्षण असंच वाढलं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, आणि मराठवाडा विद्यापीठ आलं त्यानंतर आठ वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ ला. इथे बहुतेक ठिकाणी सरकार मागून आलं, संस्था आधी आल्या. म्हणून 'सरकारी व्यवस्थापन' ही अट घातली की मराठवाड्यातलं खेड्यातलं मूल आपोआप दाराबाहेर राहतं. ही अट लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसेल. पण त्याने मंठ्याचं कॉलेज बघितलेलं नाही, एवढं नक्की. पुढच्या टप्प्यात अनुदानित कॉलेजं घ्या, हे आपल्या खासदारांनी दिल्लीत ठासून सांगायला हवं. सांगतील का, ते त्यांना भेटाल तेव्हा विचारा.

आणि जे आपल्या हातात आधीपासून होतं त्याचं आपण काय केलं? २०१० पासून 'एन-लिस्ट' आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची योजना. अनुदानित कॉलेजने वर्षाला सहा हजारांच्या आतबाहेर वर्गणी भरायची आणि दीड लाखावर ई-पुस्तकं, हजारो शोधपत्रिका खुल्या. सहा हजार रुपये! कॉलेजच्या गॅदरिंगला मांडवाचा खर्च याहून जास्त येतो. पण त्यात कॉलेजने प्रत्येक विद्यार्थ्याचा आयडी तयार करून द्यायचा असतो, आणि पाणी मुरतं ते तिथेच. वर्गणीची पावती फाइलला लागते, नॅकच्या समितीला ती दाखवता येते, आयडी मात्र प्राध्यापकांपुरते. मुलांना विचारलं तर त्यांनी नावही ऐकलेलं नसतं. वाचकांत कुणी कॉलेजात शिकत असेल तर उद्या ग्रंथपालांकडे जा आणि एवढंच विचारा, 'सर, माझा आयडी कुठे आहे?' नम्रपणे विचारा, पण उत्तर मिळाल्याशिवाय हलू नका.

मराठीतून शोधायचं तर आणखी एक भिंत. २००९ पासून प्रबंध ऑनलाइन जमा करायचा नियम आहे, 'शोधगंगा'वर आपल्या विद्यापीठाचेही प्रबंध आहेत, मराठीतलेही आहेत. पण अनेक मराठी प्रबंध नुसते पानांचे फोटो काढावेत तसे स्कॅन केलेले, नाहीतर जुन्या फॉन्टमधले. शब्द टाकून शोधायला गेलं तर काही सापडत नाही. भोकरदनच्या मुलाला आपल्याच तालुक्यावरचा प्रबंध सापडू नये, ही काही पैशांची अडचण नाही. प्रबंध घेताना युनिकोडमध्ये मागा, एवढंच काम आहे.

आता मूळ जागी येतो. संगणक कक्ष.

जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मला बोलावलं होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच कॉलेजचं नाही. प्राचार्यांनी प्रेमाने सगळं दाखवलं. लॅबच्या दाराला कुलूप. शिपायाला हाक मारली, तो म्हणाला, 'किल्ली सरांकडंय.' सर संभाजीनगरला गेलेले, विद्यापीठात, पेपर तपासायला. साठ किलोमीटरवर किल्ली. शेवटी ऑफिसात दुसरी किल्ली सापडली. आत वीस संगणक, सगळ्यांवर शिवून घेतलेली निळी कव्हरं, कव्हरांवर धूळ. कोपऱ्यात यूपीएस, त्याच्या बॅटऱ्या कधीच्या बसलेल्या. एक संगणक चालू केला तर त्याने आधी तारीख विचारली. त्याच्या लेखी अजून काही वर्षांपूर्वीचाच दिवस होता.

मी विचारलं, कुलूप का? प्राचार्यांनी खरं सांगितलं, म्हणून मी त्यांना मानतो. लॅब सांभाळायला माणूस नाही. शिक्षकेतर भरती वर्षानुवर्षं रखडलेली. आणि डेडस्टॉक रजिस्टर. प्रत्येक माउस, प्रत्येक कीबोर्ड त्यात चढलेला. एक माउस गेला तर तो कुणाच्या नावावर? ज्याच्याकडे किल्ली त्याच्या. मग शहाणा माणूस काय करील? कुलूप लावील. संगणक वापरून खराब झाला तर चौकशी आहे. न वापरता सडला तर कुणी विचारत नाही, नियमाने तो निर्लेखित होतो. आपल्या व्यवस्थेने वापरण्याला धोका लावून ठेवलाय आणि न वापरण्याला संरक्षण. डिजिटल दरी म्हणून जगभर ज्या गोष्टीवर परिषदा भरतात, ती जालना जिल्ह्यात बऱ्याच अंशी या एका रजिस्टरात आहे.

बाहेरच्या जगात या दरीवर काय केलं, ते बघण्यासारखं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आफ्रिकेतली विद्यापीठं उपग्रहावरून मिळणाऱ्या इंटरनेटला भयंकर दर मोजत होती. एकेकट्याने घासाघीस करून काही होईना, तेव्हा अनेक देशांतली विद्यापीठं एकत्र आली, सगळ्यांची मागणी एकत्र बांधली आणि दर पाडून घेतला. आपल्याकडे चार जिल्ह्यांच्या विद्यापीठाला हे जमू नये? प्रत्येक कॉलेज आपापलं कनेक्शन, आपापला ठेकेदार, आपापलं सॉफ्टवेअर घेतं आणि प्रत्येक जण महाग घेतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या लोकांनी आणखी साधी युक्ती काढली होती, 'ईग्रॅनरी' नावाची. लाखो पानं, पुस्तकं एका हार्ड डिस्कवर भरायची, ती कॉलेजच्या आतल्या जाळ्याला जोडायची. बाहेरचं नेट नसलं तरी मुलं वाचू शकतात. नावही कसलं चपखल, धान्याचं कोठार. जालन्यासारख्या बियाण्यांच्या गावाला ते कळायला वेळ लागू नये. आयआयटीवाल्यांची एनपीटीईएलची व्याख्यानंही अशी हार्ड डिस्कवर भरून कॉलेजांना मिळत असत. रेंज नाही, हे कारण तिथे संपतं.

आणि नेट कधी कधी नुसतं जात नाही, ते बंद केलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या तापलेल्या दिवसांत जालना, बीड, संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट थांबवलं, अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. प्रशासनाची कारणं प्रशासन सांगेल. पण ज्याचं कॉलेज, ग्रंथालय, फॉर्म आणि बँक सगळंच एका मोबाइलमध्ये आहे, त्याचं त्या दिवशी सगळंच थांबतं. कॉलेजातल्या डिस्कवर पुस्तकं असती तर निदान पुस्तकं तरी राहिली असती.

आपल्या लोकांना संगणकाची हौस नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला एमएस-सीआयटीची आठवण करून द्या. एमकेसीएल ही कंपनी २००१ मध्ये निघाली, पाठोपाठ तिचा हा संगणकाचा कोर्स आला आणि बघता बघता तालुक्या-तालुक्यात केंद्रं उभी राहिली. शेतकऱ्याने, हमालाने, अंगणवाडी सेविकेने पदरचे पैसे भरून पोरांना पाठवलं. अभ्यासक्रम मराठीत होता, केंद्र बसस्टँडपासून चालत जाण्याजोगं होतं, आणि वेळ बॅचने ठरलेली होती. म्हणजे दार ठरल्या वेळी उघडायचं. कॉलेजच्या लॅबकडे यातलं शेवटचं तेवढं नाही.

मंठ्याजवळच्या एका कार्यक्रमात मी हे सगळं बोललो आणि जोरात मागणी केली की संगणक कक्ष संध्याकाळी सातपर्यंत उघडे ठेवा. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर दोन मुली थांबल्या. एकीने विचारलं, 'सर, सातपर्यंत कोण थांबणार? आमची शेवटची गाडी पाचची.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शहरातल्या मुलांचा विचार करून बोललो होतो. मग कधी उघडायचं, तुम्हीच सांगा म्हटलं.

'सकाळी. गाडी आम्हाला साडेनऊला सोडती. पहिलं लेक्चर अकराला. मधी दुसरी गाडीच नाही.'

'मग तेवढा वेळ काय करता?'

'बसतो.'

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम साडेनऊला त्यांच्या कॉलेजवर गेलो. आता माझी मागणी बदलली आहे आणि ती लेखाच्या मथळ्यात आहे. त्यासाठी नवं धोरण नको, नवा निधी नको. मानधनावर एक जाणता विद्यार्थी लॅबमध्ये बसवा, कमवा आणि शिका योजनेतून त्याला पैसे द्या, माउस तुटला तर तो खर्च म्हणून लिहा आणि किल्ली ऑफिसच्या भिंतीवर खिळ्याला टांगा. रोजचा दीड तास म्हणजे आठवड्याचे नऊ तास. एका सत्रात प्रत्येक मुलगी फोटो लहान करायला, अर्ज भरायला, मराठीत एक पान टाइप करायला आणि स्वतःचा पासवर्ड स्वतः लक्षात ठेवायला शिकेल.

त्या सकाळी वीस-पंचवीस मुली लॅबसमोरच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. कुणी डबा उघडून आधीच दोन घास खात होतं, कुठे तिघी मिळून एका फोनवर पीडीएफ वाचत होत्या, बोटांनी पान मोठं करत, सरकवत, परत मोठं करत. ऊन पायऱ्यांवर आलं तशा त्या एकेक पायरी वर सरकल्या. पावणेअकराला शिपाई आला. त्याने ऑफिस उघडलं, वर्ग उघडले, घंटेजवळ जाऊन उभा राहिला. लॅबच्या दाराकडे त्याने बघितलंही नाही.